फाइलीची माहिती ठेवायची कुठे?

घरातल्या संगणकाच्या पडद्यावर फाइलीचे एक छोटे चित्र दिसते, त्याखाली तिचे नाव असते, आणि त्यावर दोनदा क्लिक केले की योग्य तो प्रोग्रॅम उघडून आतला मजकूर समोर येतो. हे इतके अंगवळणी पडले आहे की त्यामागे कोणी काही निवड केली असेल, असे सहसा मनात येत नाही. पण डिस्कवर चित्र नसते, विंडो नसते आणि फोल्डरही आपल्याला दिसतो तसा नसतो. तिथे असतात ठरावीक मापाचे, क्रमांक दिलेले तुकडे आणि कोणत्या तुकड्यांत काय आहे हे सांगणारी एक नोंदवही. फाइलीतला मजकूर त्या तुकड्यांत जातो. प्रश्न उरतो तो बाकीच्या माहितीचा: फाइलीचे नाव काय, ती कोणत्या प्रकारची आहे, ती कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची, तिचे चित्र विंडोत नेमके कुठे ठेवले होते. ही माहिती कुठे ठेवायची, या प्रश्नाला १९८० च्या दशकात निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. त्यांतले एकही उत्तर फुकट नव्हते, आणि त्यांची किंमत आपण आजही पेन ड्राइव्ह काढताना, ईमेलमधून आलेली फाइल उघडताना किंवा फाइलीला मराठी नाव देताना मोजत असतो.

सर्वांत साधे उत्तर डॉसचे, म्हणजे आयबीएमचे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचे होते. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, तेव्हा त्याच्या १६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर जास्तीत जास्त ६४ फाइली मावत आणि फोल्डर नावाची गोष्टच नव्हती. नोंदवहीत प्रत्येक फाइलीला ३२ बाइटांची एक ओळ मिळे. तिच्यातले ८ बाइट नावासाठी आणि ३ बाइट एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणाऱ्या, प्रकार सांगणाऱ्या अक्षरांसाठी राखलेले असत, आणि उरलेल्या जागेत तारीख, आकारमान आणि फाइलीचा पहिला तुकडा कुठे आहे त्याचा क्रमांक असे. पुढचे तुकडे कोणते, हे फॅट नावाच्या वेगळ्या तक्त्यात लिहिलेले असे, आणि त्या तक्त्यावरूनच या सबंध रचनेला फॅट हे नाव मिळाले. आठ अधिक तीन अक्षरांची पद्धत गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम या आधीच्या प्रणालीतून उचललेली होती. फाइल म्हणजे पत्र आहे, हिशेबाचा तक्ता आहे की प्रोग्रॅम आहे, हे सांगायला त्या तीन अक्षरांखेरीज दुसरी जागा नव्हती.

ही रचना दरिद्री वाटते, आणि वापरणाऱ्याला तिचा जाचही होताच. आठ अक्षरांत वर्ष, महिना आणि विषय कोंबून बसवावा लागे, आणि नाव बदलताना शेवटची तीन अक्षरे चुकून पुसली गेली तर फाइलीची ओळखच हरवत असे. पण या दारिद्र्याचा एक मोठा फायदा होता, आणि तो पुढच्या सगळ्या कथेत निर्णायक ठरला. सगळी ओळख नावातच असल्यामुळे ती फाइलीबरोबर कुठेही जाऊ शकत होती. फ्लॉपीवरून, टेलिफोनच्या तारेवरून, दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर, कुठेही नाव पोहोचले की प्रकारही पोहोचला.

अॅपलने २४ जानेवारी १९८४ रोजी आणलेल्या मॅकिन्टॉश ऊर्फ मॅक या संगणकाची दृष्टी याच्या बरोबर उलट होती. ब्रूस हॉर्न आणि स्टीव्ह कॅप्स यांनी लिहिलेल्या फाइंडर या प्रोग्रॅमने असे ठरवले की नाव हे माणसाचे आहे, यंत्राने त्यात ढवळाढवळ करू नये. नावात मोकळ्या जागा चालत, आणि ते कधीही बदलले तरी फाइलीचे काही बिघडत नसे. फाइलीचा प्रकार आणि ती तयार करणारा प्रोग्रॅम यांच्यासाठी चार-चार अक्षरांचे दोन संकेत नोंदवहीत निराळे ठेवलेले असत आणि ते वापरणाऱ्याला दिसत नसत. याचा लाभ सूक्ष्म होता. दोन फाइली साध्या मजकुराच्या असल्या, तरी एक ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिली त्यात उघडे आणि दुसरी तिच्या स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये. एक्स्टेन्शनच्या पद्धतीत हे शक्य नाही, कारण तिथे एका प्रकारच्या सर्व फाइली एकाच प्रोग्रॅमकडे जातात.

मॅकने आणखी एक पाऊल टाकले आणि प्रत्येक फाइलीचे दोन भाग केले. एका भागात मजकूर असे, आणि रिसोर्स फोर्क म्हणवल्या जाणाऱ्या दुसऱ्या भागात चित्रे, मेनूंमधले शब्द, सूचनांची वाक्ये आणि फॉन्ट. त्यामुळे प्रोग्रॅमच्या मूळ आज्ञावलीला हात न लावता त्याचे मेनू फ्रेंच किंवा जपानी भाषेत करता येत. ज्यांच्या भाषेकडे सॉफ्टवेअर कंपन्या उशिरा वळल्या, त्या आपल्यासारख्यांनी ही कल्पना किती दूरदृष्टीची होती हे मान्य करायला हवे.

या सगळ्याच्या वर एक मोठे आश्वासन होते: पडद्यावर दिसते ते चित्र म्हणजेच ती वस्तू. एक फोल्डर म्हणजे एकच विंडो, आणि ती जिथे सोडली तिथेच पुन्हा उघडणार, आतली चित्रेही ठेवलेल्या जागीच सापडणार. माणसाला नाव आठवले नाही तरी जागा आठवते, या अनुभवावर ही रचना उभी होती. डिस्कवरचे वास्तव मात्र वेगळे होते. पहिल्या मॅकच्या ४०० किलोबाइटच्या फ्लॉपीवर सर्व फाइली एकाच सपाट यादीत असत, आणि फोल्डर हा केवळ फाइंडरने रंगवलेला देखावा होता. प्रोग्रॅममधून फाइल उघडायला गेले की फोल्डर नाहीसे होत आणि सगळी नावे एका लांब यादीत दिसत. एका फोल्डरात ‘पत्र’ नावाची फाइल असली, तर त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरात त्या नावाची फाइल ठेवता येत नसे. फ्लॉपीवर मोजक्याच फाइली मावत, तोवर हा देखावा टिकला. सप्टेंबर १९८५ मध्ये अॅपलने २० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणली आणि तिच्याबरोबरच एचएफएस ही नवी फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची रचना, द्यावी लागली, जिच्यात फोल्डर खरोखरच डिस्कवर नोंदवलेले होते.

फ्लॉपी बाहेर काढण्याची गोष्ट इथे थोडी सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण पडद्यावरची रचना आणि डिस्कवरची रचना एकमेकींत किती गुंतलेल्या असतात ते तिच्यात नीट दिसते. आयबीएमच्या यंत्रावर फ्लॉपी काढण्यासाठी हाताने फिरवायची कडी असे. पुढे बटण आले. मॅकवर असे काहीच नव्हते, फ्लॉपी बाहेर द्यायची की नाही हे संगणक ठरवी. माहिती स्मृतीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवता यावी आणि चित्रांच्या जागांची नोंद पूर्ण झाल्याशिवाय डिस्क हातची जाऊ नये, यासाठी ही व्यवस्था आवश्यक होती. तिच्यामुळे मॅकला बाहेर काढलेली फ्लॉपीसुद्धा लक्षात राही, तिचे फिकट चित्र पडद्यावर उरे आणि गरज पडली की संगणक ती फ्लॉपी नाव घेऊन मागे. एकच ड्राइव्ह असलेल्या यंत्रावर त्यामुळे फ्लॉपींची अदलाबदल कंटाळा येईपर्यंत करावी लागे. शिवाय फ्लॉपी पूर्णपणे काढून घेण्याचा झटपट मार्ग म्हणजे तिचे चित्र कचरापेटीत नेऊन टाकणे, आणि आपल्या कामाची फ्लॉपी कचऱ्यात टाकताना नवख्या माणसाला भीती वाटणे स्वाभाविक होते. डॉसला उलट कोणत्याही क्षणी फ्लॉपी ओढली जाईल हे गृहीत धरावे लागे, म्हणून फाइल बंद होताच तिची नोंद डिस्कवर पुरी करणे भाग होते. एकीकडे वेग आणि स्मरण, दुसरीकडे वापरणाऱ्याच्या हातातली सत्ता. पेन ड्राइव्हमध्ये आपल्याला ही सत्ता मिळाली, पण माहिती सवडीने उतरवण्याची सवयही संगणकांनी सोडली नव्हती, आणि ‘सुरक्षितपणे काढा’ ही सूचना त्या दोन्हींच्या भांडणातून जन्मली. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी मूळ निवड बदलली आणि लिहिण्याचा थोडा वेग सोडून लगेच काढता येण्याची सोय पत्करली. घरगुती वापराचा विचार केला तर मला हा निर्णय योग्य वाटतो.

कमोडोर कंपनीच्या अमिगा या संगणकाने १९८५ मध्ये तिसरी वाट धरली. तिथे फाइलीचे चित्र आणि त्याची जागा शेजारच्याच एका छोट्या फाइलीत असे, जिचे नाव मूळ नावापुढे ‘डॉट इन्फो’ जोडून बनलेले असे. ही माहिती साधी फाइल असल्यामुळे कोणत्याही डिस्कवर मावत होती. पण आज्ञा टंकून मूळ फाइल हलवली आणि जोडीदार मागे राहिला की चित्र हरवे, आणि सुरुवातीच्या आवृत्त्यांत चित्र नसलेली फाइल विंडोत दिसतच नसे.

दरम्यान नोंदवहीतल्या ओळीची रुंदी हीच अडचण होऊन बसली होती. फॅटमध्ये तुकड्याचा क्रमांक लिहायला २ बाइट होते, म्हणजे सुमारे ६५ हजारांपलीकडे तुकडे मोजताच येत नसत. डिस्क मोठी झाली की तुकडेच मोठे करावे लागत, आणि २ गिगाबाइटच्या डिस्कवर एक तुकडा ३२ किलोबाइटचा होई. २ किलोबाइटचे पत्रही तेवढी सगळी जागा अडवी. एचएफएसची मर्यादा हीच होती, आणि १ गिगाबाइटच्या डिस्कवर तिथला तुकडा १६ किलोबाइटचा असे. मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये फॅट ३२ आणि अॅपलने १९९८ मध्ये एचएफएस प्लस आणून क्रमांकाची जागा वाढवली. मात्र फॅट ३२ मध्ये फाइलीचे आकारमान लिहिण्याची जागा ४ बाइटांचीच राहिली. एखादा मोठा व्हिडिओ पेन ड्राइव्हवर जागा असूनही जात नाही, त्याचे कारण बहुधा हेच असते: ४ गिगाबाइटच्या पुढचा आकडा त्या रकान्यात लिहिताच येत नाही.

विंडोज ९५ समोरचा प्रश्न नाजूक होता. वापरणाऱ्यांना लांब नावे हवी होती, पण घरोघरी असलेल्या जुन्या डिस्का आणि जुने प्रोग्रॅम मोडून चालणार नव्हते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या या प्रणालीने शोधलेली युक्ती मला आजही थक्क करते. लांब नाव १३-१३ अक्षरांच्या तुकड्यांत कापून नोंदवहीतल्या जादा ओळींत ठेवले गेले, आणि त्या ओळींवर केवळ-वाचनीय, लपवलेली, प्रणालीची आणि डिस्कचे नाव अशा चारही खुणा एकदम लावल्या गेल्या. खऱ्या फाइलीला असा संयोग कधीच नसल्यामुळे जुना डॉस त्या ओळी ओलांडून पुढे जाई. जुन्या प्रोग्रॅमांसाठी प्रत्येक लांब नावाला एक आखूड नावही दिले जाई, ज्यात पहिली सहा अक्षरे, एक नागमोडी रेघ आणि एक आकडा असे. डिस्क नीटनेटकी करणारे जुने प्रोग्रॅम मात्र या अनोळखी ओळींचे नुकसान करू शकत, आणि मग उरे ते फक्त आखूड नाव.

याच प्रणालीतल्या दुसऱ्या एका निर्णयाबद्दल मात्र माझे मत प्रतिकूल आहे. पडदा मॅकइतका स्वच्छ दिसावा म्हणून ओळखीच्या प्रकारांची एक्स्टेन्शने मूळ मांडणीत लपवली गेली. मॅकवर नाव आणि प्रकार खरोखरच वेगळ्या जागी होते. इथे प्रकार नावातच राहिला, फक्त दिसेनासा झाला. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून पसरू लागलेल्या ‘आय लव्ह यू’ या विषाणूने नेमका याचा उपयोग केला. ईमेलला जोडलेल्या फाइलीच्या नावात आधी ‘डॉट टीएक्सटी’ आणि अगदी शेवटी ‘डॉट व्हीबीएस’ होते. शेवटचा भाग लपलेला असेल तर ती निरुपद्रवी मजकुराची फाइल दिसे, प्रत्यक्षात ती आज्ञांची फाइल होती आणि उघडताच कामाला लागे. शिवाय विंडोजमधला प्रोग्रॅम स्वतःचे चित्र स्वतःच्या पोटात घेऊन येतो, म्हणजे तो पत्राचे किंवा छायाचित्राचे रूपही घेऊ शकतो. नावाचा शेवट लपलेला आणि चित्र फसवे असू शकणारे, मग वापरणाऱ्याने विश्वास ठेवायचा कशावर? एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये आहे, आणि घरातल्या प्रत्येक संगणकावर ती चालू करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मॅकची समृद्ध रचना टिकली का नाही, याचे उत्तर प्रवासात आहे. दोन भाग असलेली फाइल फॅटच्या फ्लॉपीवर किंवा इंटरनेटवरून पाठवली की दुसरा भाग आणि चार अक्षरी संकेत वाटेतच गळून पडत, कारण पलीकडच्या रचनेत त्यांना जागाच नसे. फॉन्ट आणि प्रोग्रॅम तर निकामीच होत. त्यासाठी फाइली आधी खास पद्धतीने बांधाव्या लागत आणि पोहोचल्यावर सोडाव्या लागत. मॅकवरून भरून आणलेला पेन ड्राइव्ह विंडोजमध्ये उघडल्यावर टिंब आणि अधोरेषा यांनी सुरू होणाऱ्या ज्या अनोळखी छोट्या फाइली दिसतात, त्या म्हणजे हाच दुसरा भाग, अमिगाच्या पद्धतीने शेजारी ठेवलेला. घरचा संगणक एकटा होता तोवर नोंदवहीतली श्रीमंती उपयोगाची होती. तो जाळ्याशी जोडला गेल्यावर जी माहिती प्रवासात टिकते तीच खरी ठरली, आणि तीन अक्षरांचे गरीब उत्तर जिंकले. अॅपलने २००१ च्या मॅक ओएस एक्समध्ये एक्स्टेन्शनचा आधार घ्यायला सुरुवात केली आणि २००९ च्या आवृत्तीत तयार करणाऱ्या प्रोग्रॅमचा संकेत विचारात घेणेच थांबवले.

जागेच्या स्मरणावर उभी असलेली विंडोंची पद्धतही त्याच काळात मागे पडली. लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपने २००४ मध्ये ती प्रामाणिकपणे पुन्हा आणून पाहिली, पण फोल्डरांत फोल्डर अशा खोल रचनेत विंडोंचा ढीग साचे, आणि काही वर्षांनी तिथेही एकाच विंडोत पुढे-मागे जाण्याची पद्धत मूळ निवड झाली. डॉमिनिक जांपाओलो यांनी बीओएस या प्रणालीसाठी सहकाऱ्यासह रचलेल्या फाइल सिस्टिमने वेगळा विचार मांडला होता: फाइलीला हवी तितकी वैशिष्ट्ये जोडा, त्यांची सूची फाइल सिस्टिमच ठेवील, आणि ईमेल पाठवणाऱ्याच्या नावावरूनसुद्धा शोधता येईल. ती प्रणाली बाजारात टिकली नाही. जांपाओलो पुढे अॅपलमध्ये गेले, आणि २००५ मध्ये मॅकवर आलेल्या स्पॉटलाइट या शोधण्याच्या सोयीने फाइली वाचून शोधसूची बाजूला तयार करण्याचा मार्ग घेतला. फाइलीवर काही लादायचे नाही, म्हणजे प्रवासात काही गमावण्याचा प्रश्नच नाही. त्याबदल्यात सूची पुन्हा पुन्हा ताजी करत राहण्याचे काम संगणकाच्या मागे कायमचे लागते.

आता मराठी नावांकडे वळू. जुन्या मराठी फॉन्टांच्या काळात फाइलीच्या आत मराठी असे, पण नाव रोमन लिपीतच द्यावे लागे, कारण ते फॉन्ट रोमन अक्षरांच्या संकेतांवरच देवनागरी आकार बसवत आणि नावे दाखवताना प्रणाली स्वतःचा फॉन्ट वापरी. प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही अडचण दूर केली, पण नाव किती लांब असू शकते हे फाइल सिस्टिम कशी मोजते त्यावर अवलंबून राहिले. विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिममध्ये एका नावाला २५५ संकेत मिळतात, आणि देवनागरीच्या एका चिन्हाला एक संकेत लागतो. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिममध्ये २५५ बाइट मिळतात, आणि तिथे नेहमी वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त हे सगळे स्वतंत्र मोजले जातात. ‘विद्यार्थ्यांच्या’ या एका शब्दात १७ चिन्हे आहेत, म्हणजे ५१ बाइट, म्हणजे उपलब्ध जागेचा पाचवा हिस्सा. इंग्रजी अक्षराला तिथे एकच बाइट लागतो. विंडोजवर सुखाने राहिलेले लांब मराठी नाव लिनक्सवर नाकारले जाऊ शकते ते यामुळे.

दुसरी अडचण ‘ऱ’ या अक्षराची. ‘शेतकऱ्यांची यादी’ हे नाव टंकण्याच्या पद्धतीप्रमाणे निरनिराळ्या प्रकारे साठवले जाऊ शकते. ‘ऱ’ हे एकच चिन्ह असू शकते, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशी दोन चिन्हे असू शकतात, आणि पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात. युनिकोडच्या नियमांप्रमाणे ही दोन रूपे समान आहेत. ईएक्सटी४ मात्र मूळ मांडणीत बाइट जसेच्या तसे पाहते आणि एनटीएफएसही हा नियम लावत नाही, त्यामुळे तिथे एकाच फोल्डरात डोळ्यांना एकच वाटणारी दोन नावे नांदू शकतात. एचएफएस प्लस प्रत्येक नाव फोडून, म्हणजे ‘र’ आणि नुक्ता असे करून साठवत असे. यात नावे एकसारखी होत, पण वापरणाऱ्याने जे लिहिले तेच परत मिळेल याची हमी नसे. अॅपलच्या २०१७ पासूनच्या एपीएफएस रचनेने मॅकवर मधला मार्ग काढला: नाव लिहिले तसेच साठवायचे, पण तुलना करताना दोन्ही रूपे एकच मानायची. म्हणून लिनक्सवर शेजारी-शेजारी असलेल्या अशा दोन याद्या मॅकवरच्या एका फोल्डरात आणल्या, तर त्यांना एकच नाव ठरते आणि दोन्ही तिथे राहू शकत नाहीत. नक्कल करण्यापूर्वी त्यांतल्या एकीचे नाव बदलून घ्यावे लागते.